आठवड्यातला एक तास: सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका जिल्ह्यात मानसिक आरोग्य सेवेत समुपदेशनाचे काम करते. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्या रोखण्याचा प्रेरणा प्रकल्प आला, तेव्हापासून आशाताई प्रश्नावली भरून ज्या घरांची काळजी वाटते असे कळवतात, त्या घरांत जाऊन बसणाऱ्यांपैकी मी एक आहे. जिल्ह्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार कोणा एका कार्यालयाची नाही.

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, रॅली, रांगोळी आणि पोस्टर स्पर्धेची धावपळ आम्हीच करतो आणि दमून शेवटी ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावरचे व्याख्यानही आम्हीच ऐकतो. प्राणायामाला माझा विरोध नाही. पण स्वतःची काळजी ही कर्मचाऱ्याने घरी, स्वतःच्या वेळात उरकायची बाब आहे, या समजुतीला आहे.

तीन वर्षांपूर्वी, ज्यांच्याकडे मी चार वेळा जाऊन आले होते त्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला, तो शेवटच्या भेटीची नोंद रजिस्टरमध्ये आहे का आणि सही घेतली आहे का, एवढेच विचारायला. नोंद होती, सहीही होती. त्या दुपारी ओपीडीत मी आणखी सात जणांशी बोलले. काय बोलले ते मला तेव्हाही आठवत नव्हते, आणि मला धास्ती वाटते ती याच गोष्टीची, कारण त्या सातांपैकी कोणी नेमके त्या दिवशी मदत मागायला आले असेल तर समोर मी नव्हतेच.

आपल्या खात्यात ‘सुपरव्हिजन’ म्हटले की अधिकारी येऊन रजिस्टर तपासून जातात. समुपदेशनाच्या व्यवसायात या शब्दाचा अर्थ निराळा आहे: अनुभवी व्यक्तीसमोर बसून आपली केस मांडायची, कुठे अडलो, कुठे आपलाच राग किंवा भीती आड आली हे मोकळेपणाने बोलायचे आणि पुढच्या भेटीत काय करायचे ते ठरवायचे. मन हलके होणे आणि कामात तयार होणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच बैठकीत घडतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगवेगळ्या योजना काढण्याची गरज नाही.

माझी मागणी एवढीच आहे की अशा बैठकीसाठी एक तास दर आठवड्याला, कामाच्या वेळेत, लेखी आदेशाने मिळावा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतील अनुभवी मंडळी तो ऑनलाइन घेऊ शकतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फोन घेणाऱ्यांनाही त्यात सामावून घ्यावे. त्या बैठकीत बोललेले आमच्या कामाच्या मूल्यमापनाच्या गोपनीय अहवालात येता कामा नये, नाहीतर कोणी खरे बोलणार नाही. आणि रुग्ण दगावल्यास त्याच्या समुपदेशकाला दुसऱ्या दिवशी ओपीडी देऊ नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३१ नुसार उपलब्ध मनुष्यबळाचे कौशल्य वाढवणे ही शासनाचीच जबाबदारी आहे. प्रत्यक्षात माझ्या ओळखीतले कंत्राटी सहकारी प्रशिक्षणाची फी खिशातून भरतात, त्यासाठी हक्काची रजा खर्च करतात आणि पुनर्नियुक्तीच्या वेळी त्या प्रमाणपत्राकडे कोणी पाहतही नाही. एका मैत्रिणीने तर ते लॅमिनेट करून आणले होते.

वार ठरवायचाच झाला तर गुरुवार नको, आमच्याकडे त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांच्या फेऱ्या असतात. मंगळवारी दुपारी दोन ते तीन ही वेळ जमेल, असे मी माझ्या जिल्ह्यातील सहकाऱ्यांना विचारून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक