आधी पंखा, मग मोटर

महोदय,

विजेवर चालणाऱ्या होड्यांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून छापून येते. त्यात बॅटरी केवढी, चार्जिंगला किती वेळ, मोटर किती किलोवॅटची, हे सगळे असते. पाण्याखाली फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्यावर (प्रोपेलरवर) मात्र एक ओळ नसते. माझी हयात गोव्यात मांडवी नदीवरच्या बार्जची इंजिने खोलण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी पाण्याखाली जाते.

रायबंदरला ओळखीच्या एका गृहस्थांची शिडाची होडी आहे. वजन अडीच टन, पाण्याच्या रेषेवरची लांबी २२ फूट. जुने १० अश्वशक्तीचे डिझेल काढून त्यांना मोटर बसवायची होती. विक्रेता म्हणाला, १० अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॅट, तेव्हा ८ किलोवॅटची मोटर घ्या, पंखा आहे तोच चालेल. गुणाकार बरोबर आहे, पण होडीशी त्याचा संबंध नाही. अशा होडीचा वेग तिच्या लांबीनेच ठरतो: २२ चे वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे सव्वासहा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). त्यापुढे कितीही जोर लावा, ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत बसते. शिवाय ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. तीन नॉटचे सहा करायचे तर निदान आठपट वीज. केरळात वायकमला २०१७ पासून धावणारी ‘आदित्य’ ही सौर फेरी ७५ माणसे नेते, तीही २० किलोवॅटच्या दोन मोटरींवर. मग अडीच टनाच्या होडीला ८ किलोवॅट कशाला?

आता पंखा. डिझेलला कमी फेऱ्यांवर जोर नसतो. म्हणून त्याला पेलेल असा लहान पंखा देतात आणि तो जोरात फिरवतात. जड पंखा लावला तर इंजिन काळा धूर ओकते. मोटरला पहिल्या फेरीपासून जोर असतो, मग लहान पंख्याची सक्ती उरतेच कुठे? पुष्कळ पाणी सावकाश मागे ढकलणे हे थोडे पाणी जोरात ढकलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते. म्हणून होडीखाली मावेल तेवढा मोठा पंखा घ्यावा. पात्याचे टोक आणि होडीचा तळ यांत व्यासाच्या १० ते १५ टक्के मोकळी जागा मात्र राखावी. रायबंदरच्या होडीत १३ इंच व्यास बसला. पिच, म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर, ११ इंच धरला, मोटर ५ किलोवॅटची, ४८ व्होल्टवर, आणि मध्ये फेऱ्या कमी करणारे बेल्टचे रिडक्शन, जेणेकरून पंखा मिनिटाला ९०० च्या आसपास फिरेल. कागदावर हे आठ नॉट होतात. पण पाण्यात पंखा घसरतो, तेवढा पुढे जात नाही; शिडाच्या होडीला ही घसरण ४५ टक्के धरावी लागते, म्हणजे साडेचार नॉट उरले. नदीला तेवढे पुरे.

मोटर धूर सोडत नाही, हा तिचा गुण आणि हाच धोका. पिच जास्त झाला तर ती गुपचूप जास्त अँपिअर ओढते, तापते आणि तिची वीज सांभाळणारा कंट्रोलर ताकद कमी करतो. मे महिन्यात बंद खणातली हवेवर थंड होणारी मोटर किती तापते ते हात लावून पाहावे. म्हणून अँपिअरचा मीटर डोळ्यासमोर हवाच.

शिडावर जाताना पंखा फिरून बॅटरी आपोआप भरते, असेही विकताना सांगतात. चार-पाच नॉटवर एवढ्याशा होडीत मिळून मिळून शंभरेक वॅट मिळतात, त्यासाठी होडीचा वेग घटतो तो वेगळा. दुपारी पश्चिमेचा वारा धरून फिरणाऱ्याला मिटणारा, दोन पात्यांचा पंखा सोयीचा, तो मिटला की पाणी कमी अडवतो. पण आपल्या कोमट, मचूळ पाण्यात बार्नकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव) त्याच्या बिजागरीत बसतात आणि पाती अर्धवटच उघडतात. नियमित खरवडणार नसाल तर साधा, न मिटणारा पंखाच घ्या, थोडा वेग गेला तरी चालेल. मागे टांगायची आउटबोर्ड मोटर मला आग्वादच्या उथळ रेतीवरच्या लाटांत पटत नाही. होडी नाकावर आपटली की पंखा हवेत जातो, नेमका जोर हवा तेव्हाच.

सरकारला माझी एकच सूचना. पर्यटनासाठी विजेच्या होड्या घेताना निविदेत फक्त किलोवॅट मागू नयेत. पंख्याचा व्यास, पिच, रिडक्शनचे प्रमाण आणि चाचणीचा तक्ता मागावा: तीन, चार, पाच नॉटला किती अँपिअर लागतात. चाचणी नदीत एकाच दिशेने घेतली तर सुकतीचा (ओहोटीचा) प्रवाह आकडे फुगवतो. तेच अंतर लगेच उलट दिशेनेही धावून सरासरी काढावी. याला महागडी यंत्रसामग्री लागत नाही, काठावरच्या दोन खुणा आणि घड्याळ पुरते. जगाला वळसा घालून आलेली नौदलाची शिडाची होडी ‘म्हादेई’ इथल्याच दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधली गेली. एवढा तक्ता तपासून देणारी माणसे इथेच सापडतील, त्यांना निविदा समितीवर एक खुर्ची द्यावी.

— एक निवृत्त मरिन मेकॅनिक, बेती