या दिवाळीला माझा लेख नाही

मिरज
श्रावण वद्य

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "का पण?" असं इतक्या जोरात ओरडलीस की तुझ्या बाबांनी पेपर खाली ठेवला. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. बोलताना माझी गाडी भलतीकडेच जाते, म्हणून लिहिते. या दिवाळीला माझा लेख कुठल्याच अंकात नसेल आणि पुढच्या दिवाळीलाही नसेल. छोट्या, अरुंद रुळांच्या रेल्वेगाड्यांवरचं लिहिणं मी थांबवलं आहे. तब्येत ठीक आहे, गुडघे वयाच्या मानाने शहाण्यासारखे वागतात, कोणाशी भांडणही झालेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तू डॉक्टरची वेळ घेऊन मोकळी होणार नाहीस.

हे लिहिण्याचं वेड लागलं ते बार्शी लाइटमुळे, म्हणजे आपल्या मिरज-कुर्डुवाडी-बार्शी-लातूरच्या छोट्या रेल्वेमुळे, हे तुला माहीत आहे. पण तुझ्या आठवणीतली गाडी आणि माझी गाडी वेगळी. मी बार्शीची आणि दिली मिरजेत. माहेर-सासर एकाच लायनीवर, म्हणून आजोबांना हे स्थळ फार सोयीचं वाटलं होतं! सोय कसली, मिरजेहून सकाळी निघावं आणि कुर्डुवाडीत दिवे लागताना उतरावं, तिथून बार्शीची गाडी पकडावी. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, पंढरपूर, मोडनिंब. ही नावं मला पाढ्यासारखी पाठ झाली, कारण तू मांडीवर आणि खिडकीबाहेर दुसरं काही बदलायचं नाही. ढालगावच्या पुढे तुला हमखास उलटी व्हायची. उन्हाळ्यात डब्याचा पत्रा असा तापायचा की बायका पदर ओला करून पोरांच्या डोक्यावर टाकायच्या. आषाढीच्या आधी मिरजेहून जायचं म्हणजे तर दिव्यच. डब्यात वारकरी, दारात वारकरी, टपावर वारकरी, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "माउली, सरका थोडं."

बँकेत रजेच्या प्रवासासाठी पैसे मिळायचे. बाकीचे काश्मीरला, कन्याकुमारीला जायचे आणि आपण यवतमाळला! मूर्तिजापूरहून शकुंतलेत बसून. तुझ्या आत्याने त्यावरून बाबांना किती वर्षं छळलं. पण ती गाडी बघायलाच हवी होती. कापसासाठी घातलेली लाइन, किलिक निक्सन कंपनीची, आणि १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत राबलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. गार्डच तिकीट देणार, फाटक आलं की गाडी थांबणार, तिच्यातलाच एक माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पुढे जाणार, तो फाटक उघडून पळत येऊन चढणार. त्या लेखाला सगळ्यात जास्त पत्रं आली होती. अकोला-खंडवा मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंद रुळांच्या लायनीवर, धूळघाटला गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून जायची, ते बघायला मेळघाटात गेलो तेव्हा तू दहावीचा अभ्यास सोडून आली होतीस. पाचोरा-जामनेरच्या गाडीत मात्र मी एकटीच गेले. शेंदुर्णीला चढलेल्या एका आजींनी मला केळी दिली आणि मी एकटी हिंडते म्हणून सबंध डब्यासमोर माझी उलटतपासणी घेतली. नवरा कुठे, पोरं किती, पगार किती. पहूर येईपर्यंत माझी कुंडली सगळ्यांना पाठ.

आता मुद्द्याचं. माझ्या लेखाच्या शेवटी नेहमी एक चौकट असायची, तुला आठवत असेल. गाडी कुठून सुटते, किती वाजता, परतीची कधी, पाणी कुठे मिळतं, बाईमाणसाला स्टेशनात थांबण्याजोगी जागा आहे का. संपादक लोक ती कापायला टपलेले असत, कारण तेवढ्या जागेत एक जाहिरात बसते. मी कधी कापू दिली नाही. ती चौकट होती म्हणून बाकीच्या लेखाला अर्थ होता, असं मी मानते. वाचणाऱ्याला उद्या उठून जाता यायला हवं. जाऊन त्याने म्हणावं, बाई खोटं लिहितात, इथे काहीच नाही. चालेल मला.

त्या चौकटीत आता लिहायला काही उरलं नाही. छोटे रूळ काढून कुर्डुवाडी-बार्शी-लातूरचा रुंद मार्ग, म्हणजे ब्रॉडगेज, २००८ पर्यंत पुरा झाला, पंढरपूर-मिरज २०१० ला. नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ ला गेली, अकोला-खंडवा २०१७ ला, नागपूर-नागभीड २०१९ ला. पाचोरा-जामनेर टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. त्यानंतर जळगावकडच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं, जुन्या अंकातला माझा लेख वाचून ते नातवंडांना घेऊन पाचोऱ्याला गेले होते. रागावले नव्हते बिचारे, पण पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

माथेरान आहे की, असं तू म्हणशील. आहे. १९०७ पासूनची आहे, पावसाने दोनदा उखडली आणि दोनदा उभी राहिली, २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा पूर्ण घाटातून सुरू झाली. छान आहे. पण नेरळहून वर जाणारी गाडी ही मजेसाठीची गाडी, तिच्यातून कोणी बाजाराला जात नाही. अमन लॉजपासूनची शटल तेवढी तिथल्या लोकांच्या कामाची. माथेरानवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मला तिथलं एकच आवडतं. त्या गाडीचे डबे दुरुस्तीला कुर्डुवाडीच्या कारखान्यात येतात. म्हणजे बार्शी लाइट गेली, पण तिच्या वर्कशॉपमधल्या लोकांच्या हाताला अजून काम आहे.

मागच्या महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. माणूस सज्जन आहे, बरीच वर्षं माझं छापतोय. म्हणाले, "ताई, यंदा ते जुनं, हळवं काहीतरी द्या. शेवटची शिट्टी, ओसाड फलाट, असं." मी हो म्हणून बसले आणि चार दिवस रोज लिहायला घेतलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, "कोण वारलं?" तिथे मला कळलं की हे माझं काम नाही. चालत्या गाडीला नावं ठेवत ठेवत तिच्यावर जीव लावणं मला जमतं. बंद झालेल्या गाडीचे गोडवे गायचे तर आधी त्या ओल्या पदरांवर आणि तुझ्या उलट्यांवर पांघरूण घालावं लागतं. तेवढ्यासाठी मी पेन उचलणार नाही.

आणि खरं सांगू? बार्शी लाइट रुंद झाली याचं मला वाईट वाटत नाही. हे कुठल्याही दिवाळी अंकाला नको आहे, म्हणून तुला सांगते. २०१६ चा उन्हाळा आठव. लातूरला पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. कपिलामावशी सांगायची, नळाला पाणी आल्याला महिना झाला. तेव्हा आपल्या मिरजेतून, हैदरखान विहिरीच्या इथून वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, भरून पाण्याची गाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी. कुठून गेली? आरग, कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. माझ्या माहेरच्या वाटेने! आपण सगळे रात्री स्टेशनात बघायला गेलो होतो, बाबांनी तर टोपी काढून हातात घेतली होती.

त्या रात्री घरी येऊन मी वहीत हिशेब मांडला, तो अजून आहे. बार्शी लाइट बांधली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी पहिला तुकडा सुरू झाला, १९२७ ला लाइन मिरजेला पोचली. रूळ अडीच फुटांचे, आणि त्याचा नियम असा की इंजिन असो वा डबा, एका आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावर, पाच टनांच्या वर भार येता कामा नये. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले आणि कोरडवाहू मुलखात रेल्वे आली, एरवी आलीच नसती. फार हुशार माणूस. पुढे त्याने विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही तयार केली, पण ते राहू दे. पाण्याच्या एका वाघिणीत पन्नास टन पाणी, वर वाघिणीचं स्वतःचं वजन. आस चार. प्रत्येक आसावर अठरा-वीस टन. कॅलथ्रॉपच्या रुळांवरून ती गाडी बेळंकीपर्यंतसुद्धा गेली नसती.

रुंदीकरणात मार्ग वळवून धाराशिवला नेला, म्हणजे ज्या जिल्ह्याच्या गावाला छोट्या गाडीने शंभर वर्षं हुलकावणी दिली होती त्याला स्टेशन मिळालं. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट बंगालमधल्या शालिमारला. सांगोल्याचं डाळिंब, मनू! आपण तिथे फलाटावर चहा प्यायचो तेव्हा माल म्हणून शेंगांची पोती आणि कोंबड्यांच्या पाट्या असायच्या.

म्हणून माझ्यापुढे दोनच लेख उरतात. एक हळहळीचा, तो खोटा होईल. दुसरा हा असा, रुंदीकरण बरं झालं असं म्हणणारा, तो प्रवासवर्णन नाही, तो रेल्वेचा अहवाल आहे. आणि तुझ्या बाबांचं म्हणणं, "मोठ्या गाड्यांवर लिही ना" हे मी ऐकून सोडून दिलं. मोठ्या गाडीत हल्ली सगळे कानात बोंडं घालून बसतात, शेंदुर्णीच्या आजींसारखं विचारणार कोण?

वह्यांचं काय, हे तू विचारलंस. कपाटातल्या वरच्या खणातल्या फुलस्केप वह्या तुझ्या. त्यांतल्या मिरज ते कुर्डुवाडीच्या नीट ठेव, कारण त्यात मी प्रत्येक स्टेशनात काय विकायला येतं, पाण्याचा नळ कुठे, मास्तर कुठल्या गावचा, असलं बारीकसारीक लिहिलं आहे. उद्या कोणी अभ्यास करणारं आलं तर त्यांना ते उपयोगी पडेल. शकुंतलेच्या वहीतल्या कविता तेवढ्या फाडून टाक, त्या मी विशीतल्यासारख्या लिहिल्या आहेत आणि मी तेव्हा विशीत नव्हते. पुठ्ठ्याची तिकिटं बिस्किटांच्या डब्यात आहेत. ती ओजसला दे, खेळू दे. सांभाळून ठेवायला लावू नकोस, तो सात वर्षांचा आहे. वेळापत्रकांची पुस्तकं मी कोणाला देणार नाही, ती मी अजून रात्री झोपताना वाचते.

ते काही अर्धवट लेख आहेत, मीटरगेजचा आणि नागभीडचा. "मी पुरे करते" असं तू म्हणालीस. नको. तुला लिहायचं असेल तर तू जिथे जातेस तिथलं लिही. पुण्यात तू रोज मेट्रोने जातेस, त्यावर तुझ्याकडून मी आजवर एक ओळ वाचलेली नाही. तिची वेळ तर चौकटीत देण्याचीही गरज नाही.

राहिलं दार्जिलिंग. तू मला न विचारता तिकिटं काढलीस, आणि ती कशासाठी काढलीस हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तिथल्या छोट्या गाडीचे दोन फुटी रूळ, बतासियाचा फेरा, घूमचं उंचावरचं स्टेशन, म्हणजे आई तिथे गेली की वही उघडणारच. मी येते. बाबाही येतो म्हणतात, त्यांचं तिकीट बघ. पण घूमला उतरल्यावर "आई, आता लिहिशील ना?" असं तू किंवा जावईबापूंनी एकदाही विचारायचं नाही, ही अट. ओजसला खिडकी, मला त्याच्या शेजारची जागा. बाबांना थंडी सोसत नाही, तर त्यांची लोकरी बंडी तुझ्याकडे राहिली आहे ती आठवणीने बॅगेत टाक. आणि ओजसला गाडी लागते का, ते डॉक्टरांना विचारून गोळ्या घेऊन ठेव, कारण तुझ्यावर गेला असेल तर वळणावळणाच्या त्या घाटात माझी धडगत नाही.

तुझी,
आई