पेशंट येणार नाही, निदान घरच्यांना तरी भेटा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तक्रार कक्षात काही अर्ज पुन्हा पुन्हा येत असतील. भाषा नीटस, तारखा-वेळा चोख, सोबत गाड्यांच्या नंबरांची यादी. शेजारी पाळत ठेवतो, सख्खा भाऊ जेवणात काहीतरी कालवतो, असा मजकूर. चौकशीत काही निघत नाही. मग पुढच्या अर्जात चौकशी करणाऱ्याचंच नाव कटात येतं. अशा काही अर्जांमागे डिल्युजनल डिसऑर्डर, म्हणजे भ्रमाचा आजार असतो.

हा माणूस आजारी दिसतच नाही. नोकरी करतो, हिशेब ठेवतो, चारचौघांत व्यवस्थित वागतो. एका विषयापुरता मात्र त्याचा समज इतका पक्का असतो, की कुठलाही पुरावा दाखवा, तो ढळत नाही. स्किझोफ्रेनियातलं विस्कळीत बोलणं इथे नसतं. भास झालेच तर त्याच समजाला धरून. निदानासाठी डीएसएम-५ (अमेरिकी मानसोपचार संघटनेचं निदानाचं पुस्तक) किमान १ महिन्याची मुदत धरतं, आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान ३ महिन्यांची. घरच्यांनी मात्र ‘स्वभावच संशयी’ म्हणत वर्षानुवर्षं काढलेली असतात. आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के मानतात. अर्थात, जे डॉक्टरकडे फिरकतच नाहीत त्यांना मोजणार कोण?

आपल्याविरुद्ध कट चालला आहे, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. कुणाला एखादी बडी व्यक्ती आपल्या प्रेमात असल्याची खात्री असते. कुणाला त्वचेखाली किडे वळवळत असल्याची. हे लोक त्वचेचे कण, धागे, खपल्या काडेपेटीत जपून आणतात, पण दाखवतात त्वचारोगतज्ज्ञाला. ‘काही नाही’ असं ऐकलं की डॉक्टर बदलतात. जोडीदारावरचा संशय सर्वांत धोक्याचा. मोबाइल तपासण्यापासून सुरू होऊन तो मारहाणीपर्यंत, क्वचित खुनापर्यंत जातो. याला ‘घरगुती भांडण’ म्हणून परत पाठवू नये.

म्हणून हा आजार ओळखण्याचं प्रशिक्षण मानसोपचार विभागाबाहेरही हवं : त्वचारोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, पोलीस, तक्रार कक्ष. वाद घालून भ्रम जात नाही आणि हो ला हो केल्याने तो घट्ट होतो. किडे आहेत की नाहीत यावर हुज्जत घालण्यापेक्षा ‘रात्री झोप लागते का?’ असं विचारलं तर माणूस बोलू लागतो. एकदा विश्वास बसला की तो गोळ्या घ्यायला तयार होण्याची शक्यता असते. अँटिसायकोटिक (भ्रम-भास कमी करणारी) औषधं आणि समुपदेशन यांनी अनेकांना उतार पडतो. मात्र तक्रार आधी तपासलीच पाहिजे. खऱ्या तक्रारदाराच्या कपाळी ‘भ्रमिष्ट’ असा शिक्का मारून फाईल बंद करणं फारच सोपं आहे.

दुसरी मागणी घरच्यांसाठी. त्यांना एकच उत्तर मिळतं : ‘पेशंटला घेऊन या.’ ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नाही, त्याला आणायचं कसं? सरकारी मानसोपचार विभागांत नातेवाइकांना पेशंटशिवाय सल्ला मिळेल अशी ठरावीक वेळ ठेवा. त्याचा आदेश कधी निघेल, तेवढं कळवावं.

आपला,
एक समुपदेशक