ताई, ‘जागा’ खोडली नाहीत म्हणून

ताई,

दारात “थँक्यू” म्हणालो होतो, पण तुम्हाला भाऊबीज उरकून पुण्याची गाडी गाठायची होती आणि माझ्या तोंडून धड शब्द फुटत नव्हते. म्हणून आता हे सगळ्यांदेखत.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. प्रोजेक्टसाठी मी पायगेममध्ये, म्हणजे पायथनमध्ये खेळ बनवायच्या साधनात, पिकाच्या राखणीचा खेळ करत होतो. ज्वारी हुरड्यात आलेली, मधोमध मचाण, वर गोफण घेतलेलं पोर आणि दोन्ही बाजूंनी पाखरं. आमच्या मंगळवेढ्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाखरू पडद्यावर कुठं आहे हे धरून ठेवायला मी स्वतःचा व्हेक्टर क्लास, म्हणजे दोन आकडे एकत्र धरणारा कोडचा साचा, लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘जागा’. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, मग का नाही? आत एक्स आणि वाय हे दोन आकडे, आणि अधिकचं चिन्ह टाकलं की दोघांची बेरीज, एवढाच त्याचा जीव.

गडबड अशी, की उजवीकडून आलेली पाखरं सुसाट पिकावर, आणि डावीकडून निघालेली काठालाच पंख फडफडवत टांगलेली. वेग दोघांचा एकच, फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, ०.६ पिक्सेल. फक्त चिन्ह उलटं.

तीन आठवडे मी दारोदार फिरलो. शिकवणीच्या सरांनी स्क्रीनकडं न बघताच सांगितलं, “वेग १ कर, चालेल.” चाललं. पण मला हळू उडणारं पाखरू हवं असेल तर काय करायचं, हे विचारेपर्यंत ते पुढच्या बाकावर. एका मित्रानं क्लासचं नाव वाचलं आणि म्हणाला, “जागा? सातबारा काढतोयस का?” चुलतभावानं तर लॅपटॉप ओढून घेतला, माझ्या चाळीसेक ओळी उडवल्या, पायगेममधला तयार व्हेक्टर२ टाकला, “झालं बघ” म्हणाला आणि चहाला गेला. पाखरं उडाली खरी. पण तोंडी परीक्षेत का उडाली विचारलं असतं तर मी मुका. रात्री सगळं पुन्हा जुन्यावर आणून ठेवलं.

आणि मग तुम्ही आलात. मी सवयीनं लॅपटॉप तुमच्याकडं सरकवला. तुम्ही तो हातानं पुन्हा माझ्याकडं फिरवलात. बस्स, एवढंच. त्यानंतर दीड तासात तुम्ही एकदाही कळफलकाला हात लावला नाहीत. मला आज काही आठवत असेल तर ते लॅपटॉपचं फिरणं आठवतं.

“वेगही जागाच?” तुम्ही विचारलंत. मी चाचरत म्हणालो, दोन्हींत दोनच आकडे आहेत ना. “मग बरोबरच आहे,” म्हणालात. त्या तीन आठवड्यांत माझं काहीतरी बरोबर आहे असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं.

मग माझी चौकटीची वही घेतलीत, आईच्या पाकिटातली एक टिकली मागितलीत आणि १०० नंबरच्या चौकटीत चिकटवलीत. टिकली म्हणजे रेक्ट, पायगेममध्ये पाखराचं चित्र जिथं काढायचं तो चौकोन; त्याला पूर्ण आकडेच कळतात, म्हणून टिकलीला पूर्ण चौकटीतच बसता येतं. पेन्सिल ०.६ पुढं नेली, १००.६. टिकली कुठं? १०० मध्येच, अपूर्णांक गळाला. आता पेन्सिल पुन्हा टिकलीपाशी आणून मोज, म्हणालात. पुन्हा १००.६, पुन्हा १००. मग उलट्या दिशेनं ९९.४, आणि टिकली ९९ वर. एका दमात पूर्ण चौकट! सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ३६ पिक्सेल जायचं पाखरू ६० पिक्सेल पळत होतं, आणि समोरचं जागचं हलत नव्हतं. मी दर फ्रेमला रेक्टकडून जागा विचारून घेत होतो, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी अपूर्णांक विसरून सांगत होता.

मी काही न बोलता दोन ओळी बदलल्या. खरी जागा पाखराकडंच ठेवली, रेक्टला ती नुसती चित्र काढण्यापुरती कळवली. डावीकडचं पाखरू सुटलं. तुम्ही हसलात आणि चकलीचा तुकडा मोडलात.

जाता जाता म्हणालात, “तिरपं पाखरू जास्त का पळतंय ते बघ.” रात्री बघितलं. एक घर आडवं आणि एक घर उभं मिळून तिरपी लांबी १.४१ होते. लांबीनं भागून टाकलं, तर स्वस्थ बसलेल्या पाखराची लांबी शून्य, आणि प्रोग्रॅम आडवा! खूप हसलो एकटाच. ते निस्तरायला अर्धा तास लागला, पण निस्तरलं मीच.

ज्यांना येतं अशी माणसं पुष्कळ भेटतात, ताई. आपल्याला येतं हे दाखवण्याची घाई नसलेली फार थोडी. तुमच्याजागी मी असतो तर मीही लॅपटॉप ओढूनच घेतला असता, हे कबूल करतो. परवा धाकट्या भावाला त्रैराशिक सांगताना पेन माझ्या हातात असल्याचं लक्षात आलं, आणि त्याच्या हातात दिलं.

प्रोजेक्ट पार पडला. क्लासचं नाव अजून ‘जागा’च आहे, आणि परीक्षकांनी त्यावर चार प्रश्न विचारले.

उन्हाळ्यात आलात की खेळून बघा. गोफणीचा दगड जोरात सोडला की अधूनमधून पाखराच्या आरपार जातो आणि पाखराला पत्ताही लागत नाही. कारण काय असावं याचा अंदाज आलाय. तुम्हाला आत्ताच कळलं असेल, पण सांगू नका.

तुमचा,
शेजारच्या वाड्यातला