सुभेदार काका, जोडी चांगली निघाली

तीर्थस्वरूप सुभेदार काका,
शि. सा. न. वि. वि.

फेब्रुवारीत गुलमर्गहून तुम्हाला फोन केला, तेव्हा मी तुमच्या सल्ल्यानं घेतलेल्या नव्या स्कीच्या जोडीवर कोंगडोरीच्या उतारावरून एकदाही न पडता खाली आले होते आणि दम अजून बसला नव्हता. आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, "जोडी चांगली निघाली ना? मग ठेव आता. लाईट हाय तवर पाणी द्यायचंय." फोन बंद. तुमच्यासमोर आभार मानायची सोय नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण माझे फोटो पाहिल्यापासून लातूर-परभणीकडची ओळखीची पोरं-पोरी विचारायला लागलीत की स्की कोणती घ्यायची. त्यांना मी जे सांगते ते सगळं तुमचं आहे. ते माझ्या नावावर खपू नये.

डिसेंबरात मी तुमच्याकडे, गुलमर्गच्या लष्करी स्कीशाळेत इतकी वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाकडे, आले ती खरं तर शिक्कामोर्तब करून घ्यायला. 2019 ला औलीत सात दिवसांचा कोर्स केला होता, त्यानंतर तीन हिवाळे गुलमर्गला भाड्याच्या स्कीवर काढले. दरवेळी वेगळी जोडी, कधी कडा बोथट, कधी बूट ढिला. शेवटी भिशीचे पैसे हाती आले आणि ठरवलं, आता स्वतःची घ्यायची. एका विक्रेत्याकडे वापरलेली जोडी स्वस्तात मिळत होती. लांबी 172 सेंटिमीटर, कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, 108 मिलिमीटर. तो म्हणाला, गुलमर्ग म्हणजे ताजं, खोल बर्फ, तिथं रुंदच पाहिजे. मला पटलं होतं. आगाऊ रक्कम पाठवायची तेवढी बाकी होती.

लातूरहून अंबाजोगाईमार्गे केजला आले, तिथून तुमचं गाव. शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. काकूंनी हातावर गरम दाणे ठेवले आणि तुम्ही माझा कागद वाचायला घेतला. 172 आणि 108 हे आकडे वाचून तुम्ही काहीच बोलला नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवलात आणि विचारायला लागलात. वर्षातून किती दिवस? सात-आठ. गोंडोल्याच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, कुठल्या टप्प्यावर? पहिल्या, क्वचित दुसऱ्या. वजन? 56. उंची? 158. बूट कोणते? मी म्हटलं, बूट भाड्याचेच घेईन, सध्या स्कीचं बघू. तेव्हा पहिल्यांदा तुमच्या कपाळाला आठी पडली.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी आजवर कुठल्या दुकानात ऐकलं नव्हतं. "पोरी, बर्फालाबी वापसा असतो." सकाळचं, रात्रभर गोठलेलं बर्फ म्हणजे डांबरी सडक, तिथं कड चावली पाहिजे. दुपारचं ओलं बर्फ म्हणजे पावसानंतरचं काळं रान, पाय धरून ठेवतं. आणि रात्री पडलेलं ताजं म्हणजे नांगरून भुसभुशीत केलेली माती. काळ्या रानात अरुंद चाक रुततं, रुंद चाक वर राहतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. स्कीचंही तेच. कंबर रुंद असेल तर ताज्या बर्फात ती तरंगते. पण तीच रुंद स्की कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यायला वेळ लागतो आणि तो सगळा ताण गुडघ्यांवर येतो. "तू आठ दिस जाणार. त्यातले ताज्या बर्फाचे किती? दोन मिळाले तरी नशीब. बाकी सहा दिस ह्या 108 ला ओढत बसायलीस का?"

मी विचारलं, मग मधली घेतली तर एक ना धड भाराभर चिंध्या होणार नाही का? ऑल-माउंटन म्हणजे सगळ्यासाठी, आणि सगळ्यासाठीचं ते कशासाठीच धड नसतं, असं मला वाटायचं. यावर तुम्ही म्हणालात ते तसंच्या तसं लिहिते: "दोन एकरवाल्याच्या दारात एकच बैलजोडी असती. तिनंच पेरायचं, तिनंच कोळपायचं, तिनंच गाडी ओढायची. शर्यतीचे बैल घेऊन त्यानं काय करायचं?"

आता कोणी विचारलं की मी आकडे असे सांगते. कंबर 80 मिलिमीटरच्या आत असेल तर ती तयार केलेल्या, दाबून सपाट केलेल्या उतारांची स्की. 105 च्या पुढं गेली की खोल बर्फाची. मधली 85 ते 100 ची पट्टी ऑल-माउंटनची, आणि त्यातही कडक बर्फ जास्त मिळत असेल तर 85-90 कडे, मऊ जास्त असेल तर 95-100 कडे सरकायचं. पुष्कळ कंपन्या हा आकडा नावातच घालतात, फोल्कलची केंडो 88 किंवा नॉर्डिकाची एन्फोर्सर 94, त्यामुळं नाव वाचूनच अर्धं कळतं. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात: टोकाची रुंदी, कमरेची, शेपटीची. टोक आणि कंबर यांत फरक जितका जास्त, तितकं वळण लहान.

पण आकड्यांपेक्षा लक्षात राहिली ती तुमच्या माळवदाच्या घरातली ती तासाभराची दुपार. तुळईला टांगलेली तुमची जुनी जोडी तुम्ही खाली काढलीत. जवळपास दोन मीटर लांब, सरळसोट, कंबर म्हणावी अशी नाहीच. तुम्ही म्हणालात, तुमच्या उमेदवारीत लांबी म्हणजे इज्जत होती, जेवढा पट्टीचा गडी तेवढी लांब स्की. 1990 च्या दशकात कमरेत बारीक, टोकाला रुंद अशा आखूड स्की आल्या आणि तो हिशोबच मोडला. मग धाकट्या भाच्याची नवी जोडी आणलीत. दोन्ही स्की तळव्याला तळवा लावून उभ्या धरल्यात आणि मागून टॉर्च मारलात. मधोमध उजेडाची बारीक फट दिसत होती आणि वर टोकं एकमेकींपासून लांब उघडलेली होती, केळीची दोन पानं उलगडावीत तशी. तुम्ही मुठीनं मध्ये दाबलंत, फट मिटली. सोडलंत, परत उघडली. "ही फट म्हणजे कमान. तुझं वजन पडलं की दबती आणि कड बर्फाला घट्ट धरती. आन् ही उघडी टोकं म्हणजे ताज्या बर्फात वर राहायची सोय. दोन्ही एकाच स्कीत पाहिजे तुला." मग माझा अंगठा धरून नख कडेवरून आडवं ओढायला लावलंत. नखाचा पांढरा भुगा कडेवर आला. "धार हाय." त्या क्षणापासून मी भाड्याची स्कीसुद्धा नख ओढल्याशिवाय घेत नाही.

धातूच्या पत्र्याबद्दलही तुम्ही वाचवलंत. लाकडी गाभ्यावर टायटॅनलचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, दोन पत्रे असलेली स्की वेगात थरथरत नाही, म्हणून जाणकार ती घेतात. पण 56 किलोच्या माझ्यासारखीला ती सहज वाकवता येत नाही आणि वाकली नाही तर ती नीट वळत नाही. लांबीचंही तसंच. माझ्यासारखीनं नाक ते कपाळ एवढी घ्यावी. म्हणजे 172 नव्हे, 152.

मी म्हटलं, पुढं चांगली शिकले तर आखूड पडेल ना. तुम्ही जरा आवाज चढवलात, पहिल्यांदाच. "उद्याचं कशाला धरायलीस? आज पाय जसे हायेत तसे सांग." काका, हे वाक्य मला लागलं होतं, खरं सांगते. पण एसटीत बसल्यावर कळलं की 172 ची ती जोडी मी माझ्यासाठी घेतच नव्हते. मी मनात उभ्या केलेल्या दुसऱ्याच कुणा बाईसाठी घेत होते.

बुटांचं तर तुम्ही हातानं करून दाखवलंत. कागद भिंतीला टेकवून मला त्यावर उभं केलंत, टाच भिंतीला, आणि पेन्सिलीनं अंगठ्यापुढं रेघ मारलीत. साडेचोवीस सेंटिमीटर. स्की बुटाचा नंबर हाच, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. मी इतकी वर्षं भाड्यानं 26 घालत होते, कारण देणारा म्हणायचा, जाड मोजे बसतील. तुम्ही आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला सांगितलंत, बोटं पुढं टेकवून, आणि टाचेमागं दोन बोटं सरकतात का ते पाहिलंत. दोनाच्या वर गेली तर बूट मोठा. त्या 26 मध्ये अख्खी मूठ गेली असती. बुटात पाय हलला तर खाली कितीही भारी स्की असो, ती तुमचं ऐकत नाही. म्हणून पैसे आधी बुटाला, उरतील ते स्कीला. याच एका सल्ल्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहीन.

बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीला, मात्र तुम्ही स्वतः हात लावला नाहीत. जाणकार कारागिराकडूनच लावून घे म्हणालात, कारण पडल्यावर बूट किती जोरात सुटावा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तू कशी चालवतेस यावरून ठरतं, आणि तिथं फुशारकी मारली तर पाय मोडतो. बूट सुटल्यावर स्कीला थांबवणारा ब्रेक स्कीच्या कमरेपेक्षा किंचित रुंद हवा, एवढं तेवढं सांगितलंत.

आणि एक शपथ घातलीत. चांगली स्की मिळाली म्हणून दुसऱ्या टप्प्यावरून, त्या जवळजवळ 4,000 मीटरवरच्या अफरवट शिखराच्या खांद्यावरून, ताज्या बर्फात एकटी उतरायचं नाही. स्की गस्ती पथकाचा फलक वाचल्याशिवाय, वाटाड्या आणि हिमस्खलनाचं सामान असल्याशिवाय नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या उतारांवर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला, ते तुम्ही सांगितलंत आणि मग बराच वेळ गप्प बसलात. 1948 मध्ये लष्करी अधिकारी थिमय्यांनी तिथं लष्कराची स्कीशाळा सुरू केली, ती पुढं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. तिथं इतकी वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाच्या त्या गप्प बसण्यात काय काय होतं, ते मी विचारलं नाही. शपथ पाळलीय, काका. दुसऱ्या टप्प्यावर एकदाच गेले, वाटाड्यासोबत, आणि दुपारी वारा सुटल्यावर गोंडोल्यानंच खाली आले.

तर जोडी: लांबी 152, कमरेत 86, धातूचा पत्रा नाही, टोक उचललेलं, मध्ये कमान. सकाळी नऊच्या कडक बर्फावर पहिलं वळण घेतलं आणि कड सरळ आत गेली, खर्र आवाज आला. मी इतकी वर्षं घसरत वळत होते, त्या दिवशी पहिल्यांदा कोरून वळले. दोन दिवसांनी रात्रभर बर्फ पडलं. घोट्याच्या वर होतं. तिथं ती 108 सारखी तरंगली नसेल, पण रुतलीही नाही. मी मध्येच थांबून मागं पाहिलं, माझ्या वळणांची रेघ दिसत होती आणि ती बऱ्यापैकी गोल होती. फोन केला तो त्यानंतर खाली पोचल्यावर.

काकूंनाही सांगा की त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या पैशात म्हैस आली असती," ते मला मान्य आहे, आणि तरीही त्यांनी निघताना डब्यात भरून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी श्रीनगरच्या विमानापर्यंत पुरल्या.

आमच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली एप्रिलपासून खोली भट्टीसारखी तापते, म्हणून जोडी तुमच्याच माळवदाच्या घरात ठेवलीय. तुम्ही सांगितलं तसं तळ पुसून, कोरडा करून, मेणाचा जाड थर देऊन, न खरवडता. तुमच्या जुन्या जोडीशेजारी तुळईला टांगताना काकूंनी त्यावर जुनी गोधडी गुंडाळली. दिवाळीनंतर मेण खरवडायला येते. नवं मेण वितळवायला इस्त्री मी आणते, आईची जुनी, बिनवाफेची पडून आहे. धूर निघाला तर जास्त तापली, हे लक्षात आहे.

आपली,
लातूरची पोरगी