खाते तिचे, ओटीपी त्याचा

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: महिलांच्या बँक खात्याला त्यांचा स्वतःचा मोबाईल क्रमांक जोडण्याबाबत

महोदया,

लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये बाईच्याच खात्यात पडतात. मात्र पैसे आल्याचा मेसेज कुणाच्या खिशात वाजतो, ते खात्यांच्या आकडेवारीवरून कळत नाही. सोलापूरचा पूर्व भाग आणि कुंभारीची घरकुले इथल्या विडी वळणाऱ्या बायकांची बँकेची कामे आम्ही पाहतो. अडचण बहुतेक वेळा त्या मेसेजपाशीच येऊन थांबते.

2014 पासून जनधनची खाती शिबिरांत झपाट्याने उघडली गेली. अर्जात मोबाईलचा रकाना, घरात फोन एकच, तोही नवऱ्याचा. मग नंबरही त्याचाच लिहिला गेला. तेव्हा त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. आज सगळा कारभार त्या रकान्यावर चालतो. खात्याला जोडलेला नंबर ज्या सिमवर आहे, ते सिम फोनमध्ये असले की यूपीआय सुरू होते. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि आलेला ओटीपी भरला की पिन तयार. कार्ड पेटीत साड्यांच्या घडीखाली असले तरी आकडे उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागतो? पुढे पैसे नवऱ्याच्या फोनवरून जातात आणि बँकेच्या लेखी व्यवहार बाईनेच केलेला असतो. दर वेळी यात लबाडीच असते असे नाही. पुष्कळ घरांत त्यातून किराणाच भरला जातो. पण किती, कशावर आणि कधी, हे तिला पासबुक छापून आणल्यावर कळते.

नंबर बदलताना क्रम चुकला तर हेलपाटा ठरलेला. आधी आधार केंद्रात आधारचा मोबाईल क्रमांक बदलावा; त्यासाठी कागदपत्र लागत नाही, बायोमेट्रिक पडताळणी लागते. मग पासबुक आणि आधार घेऊन शाखेत अर्ज द्यावा. बँकेतला नंबर आणि आधारचा नंबर वेगवेगळे असू शकतात. अनेकजणी एकच बदलून घरी जातात आणि ओटीपी जुन्याच फोनवर येत राहतो. सिम तिच्या स्वतःच्या नावावर हवे आणि चालू राहायला हवे. 90 दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि कालांतराने तो अनोळखी माणसाला दिला जातो. साधा बटणांचा फोनही चालतो, मेसेज त्यावरही येतो. या साऱ्यात एक दिवस मोडतो, आणि विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने त्या दिवसाची कमाई बुडते.

‘पैसे बंद झाले’ ही तक्रार तर नेहमीची. आधारमार्फत येणारे अनुदान एकाच बँकेत जाते, जिथे आधार शेवटचे जोडले गेले तिथे. नवे खाते उघडताना अनुदान त्याच खात्यात घेण्याच्या संमतीची खूण केली की पैसे तिकडे वळतात. ती मात्र जुने पासबुक छापत बसते. आधारच्या संकेतस्थळावर सध्याची बँक दिसते, पण तिथेही ओटीपी लागतोच.

2025 मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. योजनेला परित्यक्ता पात्र आहेत. सोडून गेलेल्या माणसाकडून तिने ओटीपी कसा आणावा? विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे निकालाची प्रत. नांदत नसलेल्या बाईकडे दाखवायला कागदच नसतो. अंगणवाडी सेविका आणि शेजारच्या दोघींचा पंचनामा इथे ग्राह्य धरावा.

आता बोटांचे. ओले तेंदूपान कातरणे, तंबाखू भरून वळणे, टोक नखाने आत दुमडणे, हे दिवसभर चालल्यावर बोटांच्या रेषा झिजतात. मग बँक मित्राच्या, म्हणजे वस्तीत पैसे काढून देणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा लागत नाही. खरे तर नवऱ्याला खिशात घालता येत नाही अशी ही एकच किल्ली, आणि झिजलेली नेमकी तीच. करंगळी किंवा अनामिका लावून पाहावी, काही वेळा काम होते. नाहीच झाले तर डोळ्याच्या बुबुळाचे यंत्र लागते. विडी वस्तीतल्या प्रत्येक बँक मित्राकडे ते असायला हवे.

कर्जात उलटेच चित्र. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे सूक्ष्म कर्ज देताना घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाऊ नयेत. घर म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. कर्ज तिच्या नावावर, यंत्रमागाची दुरुस्ती त्याची, हप्ता चुकला की पत तिची बिघडते. वाटपाच्या वेळी पैसे कशाला वापरणार हे तिला एकटीला बसवून विचारले जावे, आणि इथल्या पुष्कळ बायका तेलुगू बोलणाऱ्या असल्याने तेलुगूतही.

राज्यस्तरीय बँकर्स समितीला आपण एवढे सांगावे: जिथे एकच मोबाईल क्रमांक दोन किंवा अधिक खात्यांना जोडलेला आहे आणि त्यातले एक खाते बाईचे आहे, त्या खात्यांची शाखानिहाय यादी काढावी. ही माहिती बँकांकडे आहेच. मग त्या बायकांसाठी कुंभारीत आणि पूर्व भागात संध्याकाळी सहानंतर शिबिरे घ्यावीत. आधारचे यंत्र, बँकेचा अर्ज आणि सिमवाला एकाच मांडवात असावेत, आणि नवऱ्यांना मांडवाबाहेर बसायला खुर्च्या ठेवाव्यात.

आपल्या,
विडी कामगार महिलांची बँकेची कामे पाहणाऱ्या कार्यकर्त्या,
सोलापूर