निवृत्त होणाऱ्या माणसाला काय विचारायचे: मुलास पत्र

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. तुमच्या विभागातले सर्वांत जुने तंत्रज्ञ तीन महिन्यांनी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याजवळचे ज्ञान कंपनीत टिकून राहील अशी व्यवस्था करण्याचे काम तुझ्यावर आले आहे, हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. त्यांच्याकडून भरून घेण्यासाठी तू तयार केलेला साठ पानांचा तक्ता मी दोनदा वाचला. त्यात प्रत्येक यंत्राचे नाव आहे, प्रत्येक कामाच्या पायऱ्या लिहायला जागा आहे, कोणता पासवर्ड कोणाकडे आणि कोणती फाइल कुठे, हेही आहे. एक रकाना मात्र मला कुठेच सापडला नाही: हे काम असेच का करायचे? त्या रकान्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. मीही तो एकदा विसरले होते आणि त्याचा त्रास दुसऱ्या माणसाला भोगावा लागला.

मी बॉयलर हाउसच्या देखभालीत होते तेव्हाची ही गोष्ट आहे. तुला ती आजवर सांगितलेली नाही. बंद ठेवलेली वाफेची लाइन पुन्हा सुरू करताना तिच्यात साचलेले पाणी आधी ड्रेन व्हॉल्व्हमधून काढून टाकावे लागते आणि पाइप हळूहळू तापू द्यावा लागतो. थंड पाइपात वाफ शिरली की तिचे पाणी होते, आणि ते पाणी मागून येणाऱ्या वाफेच्या रेट्याने एकदम पुढे फेकले गेले तर जोड, गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी चकती), व्हॉल्व्ह, काहीही फुटू शकते. याला आम्ही वॉटर हॅमर म्हणतो. आमचे एक ज्येष्ठ ऑपरेटर निवृत्त होणार होते, तेव्हा त्यांच्याकडून कार्यपद्धती लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले. दोन दुपारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. ‘ड्रेन किती वेळ उघडा ठेवता?’ असे मी विचारले. ‘दहा मिनिटं. कधी जास्तही लागतो,’ ते म्हणाले. मी ‘दहा मिनिटे’ असे लिहिले. ‘कधी जास्तही’ या शब्दांना माझ्या तक्त्यात जागा नव्हती, आणि ते कधी व कशामुळे, हे मी विचारले नाही.

ते निवृत्त झाल्यानंतर काही महिन्यांनी एका लाइनवर नव्या ऑपरेटरने माझ्या कागदाबरहुकूम घड्याळ लावून दहा मिनिटे पाणी काढले आणि मुख्य व्हॉल्व्ह उघडला. पाइपाच्या जोडातले गॅस्केट फाटले आणि जवळ उभ्या असलेल्या एका सहकाऱ्याचा हात भाजला. चौकशीत कळले की त्या लाइनचा एक आधार काही वर्षांपूर्वी खचला होता, पाइपाला तिथे पोट आले होते आणि पाणी त्या पोटात साचून राहत होते. दुरुस्ती पुढच्या मोठ्या शटडाउनपर्यंत पुढे ढकलायची असे तोंडी ठरले होते, पण ते लॉगबुकात कोणी लिहिले नाही. जुने ऑपरेटर घड्याळ पाहतच नव्हते. ते ड्रेनचा आवाज ऐकत, पाण्याची खळखळ थांबून वाफेचा कोरडा, सलग आवाज येईपर्यंत थांबत, आणि त्या एका लाइनवर त्याला अर्धा तास लागत असे. त्यांच्या सावधपणामुळे पाइपातला दोष सर्वांच्या नजरेआड राहिला होता. नव्या मुलाने नेमके लिहिल्याप्रमाणे केले, म्हणून मी त्याला कधीही दोष दिला नाही. चूक माझ्या प्रश्नात होती.

हे केवळ आमच्यासारख्या साध्या कारखान्यात घडते असे समजू नकोस. अमेरिकेच्या अण्वस्त्रांमध्ये वापरला जाणारा ‘फॉगबँक’ नावाचा एक पदार्थ 1989 पर्यंत टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथील वाय-12 या कारखान्यात तयार होत असे. पुढे 2000 च्या सुमारास जुन्या अस्त्रांचे आयुष्य वाढवायचे ठरले आणि त्याची पुन्हा गरज पडली, तेव्हा तो बनवायचा कसा हे संस्थेला नीट ठाऊक नसल्याचे उघड झाले. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण यंत्रणेने 2009 च्या अहवालात त्याची कारणे स्पष्ट नोंदवली: उत्पादन सुरू असताना प्रक्रियेच्या नोंदी फार थोड्या ठेवल्या गेल्या होत्या, आणि ते काम जाणणारी जवळजवळ सर्व माणसे निवृत्त झाली होती किंवा सोडून गेली होती. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा शोध. उपलब्ध नोंदींवरून प्रक्रिया पुन्हा उभी केली, तरी पदार्थ जसा हवा तसा उतरेना. शेवटी लक्षात आले की जुन्या काळच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असे आणि तीच पदार्थाच्या गुणाला आवश्यक होती. नव्या, अधिक स्वच्छ प्रक्रियेत ती निघून जात होती. मूळ कामगारांनाही तिचे महत्त्व माहीत नव्हते. म्हणजे त्यांना साठ नव्हे, सहाशे पानांचा तक्ता दिला असता तरी ही गोष्ट त्यात उतरली नसती.

इथे तू विचारशील की मग लिहून ठेवण्याचा उपयोग काय. उपयोग फार मोठा आहे, पण लिखाण काय करू शकते आणि काय नाही, हे आधी ओळखायला हवे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी 1970 च्या दशकात एका विशिष्ट प्रकारचा लेसर बांधू पाहणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला. केवळ छापील लेख वाचून तो लेसर चालवणे त्यांच्या पाहणीतल्या एकाही प्रयोगशाळेला जमले नव्हते. ज्यांनी चालवला त्यांचा आधी यशस्वी झालेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. त्या लेसरमधल्या एका तारेची लांबी महत्त्वाची होती, पण सुरुवातीला ते कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. ज्यांनी चालणारी मांडणी डोळ्यांनी पाहून जशीच्या तशी उभारली, त्यांच्याकडे ती तार आपोआप योग्य लांबीची झाली. माणसाला जे स्वतःलाच ठाऊक नाही ते तो तक्त्यात भरू शकत नाही, मात्र त्याच्या शेजारी उभे राहून काम केले तर ते दुसऱ्याच्या हातात उतरू शकते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की त्या तंत्रज्ञांच्या तीन महिन्यांतला मोठा भाग तक्ता भरण्यात घालवू नकोस. त्यांची जागा घेणारी व्यक्ती आत्ताच नेमायला लाव आणि तिला त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष कामावर पाठव. लिहिण्याचे काम शिकणाऱ्याने करावे आणि जुन्या माणसाने ते वाचून दुरुस्त करावे. उलटे करू नये. अनुभवी माणसाला जे उघड वाटते ते तो लिहीत नाही, नवख्याला मात्र नेमके तेच अडते आणि म्हणून त्याच्या वहीत ते येते. दोन महिने झाले की त्या ज्येष्ठांना आठवडाभर दुसऱ्या खोलीत बसव आणि नव्या माणसाला एकट्याने काम करू दे. त्या आठवड्यात तो जितक्या वेळा उठून विचारायला जाईल, तितके प्रश्न तारखेसह लिहून ठेव. तुझ्या साठ पानांपेक्षा ती यादी मला अधिक मोलाची वाटते.

प्रश्न कसे विचारायचे तेही सांगते. ‘हे काम कसे करता?’ असे विचारलेस तर कागदावरचीच पद्धत ऐकायला मिळेल. त्याऐवजी ‘हे शेवटचे केव्हा बिघडले होते, तेव्हा तुम्ही आधी काय पाहिले?’ असे विचार. कोणता उपाय करून पाहिला आणि सोडून दिला, ते विचार; फसलेल्या प्रयत्नांची नोंद जवळजवळ कुठेच नसते आणि नवी माणसे तेच प्रयत्न पुन्हा करत बसतात. कोणती दुरुस्ती पुढे ढकलली आहे, कोणता नियम पाळला जात नाही आणि का, हेही विचार. ‘साधारणपणे’, ‘कधी कधी’, ‘अंदाजाने’ असे शब्द कानावर आले की तिथेच थांब आणि पुढचा प्रश्न कर.

झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून पाहिले, तेव्हा त्याला दिसले की कठीण बिघाडांचे ज्ञान ते एकमेकांना गोष्टींच्या रूपाने सांगत असतात. अधिकृत पुस्तिकेतल्या पायऱ्या तिथे पुऱ्या पडत नाहीत. पुढे त्याच कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने लिहिलेली युक्ती दुसरे जाणकार तपासत आणि मगच ती सर्वांना उपलब्ध होई. लिहिणाऱ्याचे नाव तिच्यासोबत राही. हे नाव राहणे मला फार महत्त्वाचे वाटते. तुमच्याकडच्या कागदांवर विभागाचे नाव असते, माणसाचे नसते. ज्याने वीस वर्षे घालवून एखादी गोष्ट शिकली, त्याचे नाव पुसून तीच गोष्ट त्याच्याकडे मागणे मला अन्यायाचे वाटते, आणि अशा मागणीला मन लावून उत्तर मिळत नाही.

ज्ञान दडवून ठेवणाऱ्यांबद्दल तू जरा कडवटपणे लिहिले आहेस. तशी माणसे असतात, पण बहुतेक वेळा ती संस्थेनेच तशी केलेली असतात. सांगून टाकले की आपली गरज संपेल, असे ज्याला वर्षानुवर्षे वाटत आले, त्याच्याकडून नोटीस पिरियडमध्ये उदारपणाची अपेक्षा कशी करायची? खरे तर हे काम निवृत्तीच्या तीन महिने आधी सुरू व्हायलाच नको. दर बिघाडानंतर अर्धा तास एकत्र बसून काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले आणि फरक का पडला, एवढे दोषारोप न करता बोलण्याची सवय विभागाला लाव. अमेरिकी सैन्यात 1970 च्या दशकापासून सरावानंतर असे बसण्याची रीत आहे आणि तिथे कनिष्ठालाही वरिष्ठाची चूक सांगता येते.

साठवणुकीबद्दल थोडेच सांगते, कारण त्या बाजूला तू माझ्यापेक्षा जाणता आहेस. प्रत्येक कागदाला एक जबाबदार माणूस आणि पुन्हा तपासण्याची तारीख असू दे. जे कालबाह्य झाले ते बाजूला काढ. खऱ्याखोट्याची सरमिसळ झालेल्या संग्रहावरचा विश्वास एकदा उडाला की लोक तो उघडतच नाहीत आणि पुन्हा शेजारच्या टेबलावर विचारायला जातात. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाखाली चार ओळी असाव्यात: तेव्हा परिस्थिती काय होती, दुसरे कोणते पर्याय होते, ते का नाकारले आणि काय बदलले तर हा निर्णय पुन्हा तपासायचा. त्या खचलेल्या आधाराबद्दल एवढ्याच चार ओळी कोणी लिहिल्या असत्या तर तो हात भाजला नसता.

सोमवारी त्यांना भेटायला जाशील तेव्हा तक्ता नेऊ नकोस. कोणत्या कामाची त्यांना आपल्यामागे सर्वांत जास्त काळजी वाटते, एवढेच विचार आणि ते बोलतील तितके ऐक. निवृत्तीनंतर कधी फोन केलेला चालेल का, हेही त्यांनाच विचार, आणि चालत असेल तर त्या वेळेचा मोबदला कंपनीने द्यावा अशी लेखी मंजुरी आत्ताच घे. माझ्या जुन्या लॉगबुकाची काही पाने जपून ठेवली आहेत. त्यात प्रश्न कसे सुटून जातात ते तुला दिसेल. त्यांच्या प्रती पुढच्या पत्रासोबत पाठवते.

तुझी,
आई